सहाच्या वाफ्यातले शब्द

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी परवा सोसायटीकडे माझी तक्रार केली. रोज सकाळी चहाच्या वेळेला डोक्यावर कुणीतरी धपधप पाय आपटतं, म्हणे. सेक्रेटरी वर आला, दारातच घुटमळला आणि मला विचारतो, "मॅडम, तुमच्याकडे कुणाचं लहान मूल आलंय का?" मी म्हटलं, "नाही हो, मीच आहे." त्याला बसवलं, चहा पाजला आणि जपून पाय टाकेन असं सांगून वाटेला लावलं. खरं कारण सांगितलं असतं तर म्हातारीचं डोकं फिरलं म्हणाला असता. पण इथे मला कोण अडवणार? इथे सगळं सांगते.

माझी नात ओवी पुण्याला शिकते. तिने मला मोबाईलवर एक खेळ लावून दिलाय. रोज सकाळी एक इंग्रजी शब्द ओळखायचा. पाच चौकोन, पाच अक्षरं. आपण एक शब्द टाकायचा. अक्षर शब्दात असेल पण जागा चुकली असेल तर चौकोन पिवळा होतो, जागाही जमली तर हिरवा. तिला शब्द सापडेपर्यंत माझा सापडलेला असतो. "आजी, तू आधी कुठेतरी उत्तर बघतेस," असा तिचा आरोप आहे. अगं, कुठे बघू? शब्द सापडला की मी उठून उभी राहते आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीकडे एकेका अक्षराला एकेक पाऊल टाकत जाते. पाऊल नीट बसलं की शब्द बरोबर. तेव्हाच बोट लावायचं. खालच्या बाईंच्या डोक्यावर जे वाजतं ते हे. मी गर्विष्ठ आहे हे आताच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला धक्का बसायला नको. इंग्रजी मी पायांनी शिकले आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

आमचं घर उरणच्या बाजूला, खाडीच्या अंगाला, मिठागराला चिकटून. पुढच्या दारी भाताचं शेत, मागच्या दारी मीठ. पावसाळ्यात भात पिकवायचं आणि पाऊस सरला की मीठ, असं आमचं बारा महिन्यांचं चाक. माझा बापूस उघाडीवर असायचा. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी आगरात घ्यायचं लाकडी दार. भरती कधी चढते, दार कधी उचलायचं, कधी पाडायचं, हे सगळं त्याच्या ताब्यात. त्यामुळे आमच्या घरात जेवणाची वेळ समुद्र ठरवायचा. कधी भर सकाळी जेवण, कधी दुपार कलल्यावर. पहाटे आय भाकऱ्या थापायला बसायची. तांदळाच्या पिठाचा तो थप-थप आवाज, मग तव्यावर सुकट भाजल्याचा खमंग वास, आणि बाहेर उघाडीच्या दाराचं कुरकुरणं. भाकरी, सुकटीची चटणी, आणि खाडीत काही मिळालं असेल तर निवट्यांचं कालवण. बोटभर मासा, चिखलात उड्या मारणारा, पण कालवण असं की बापूस वाडगा पुसून घ्यायचा. त्या चवीचं आज कुठल्याही हॉटेलात मला मिळालेलं नाही, आणि मिळेल अशी आशाही मी सोडली आहे.

माझी आय, चांगुणा, ही त्या आगरातली मोठी असामी. तिच्या हाती पोरी-बायांची रांग होती. मीठ पिकायचं म्हणजे आधी वाफा तयार करावा लागतो. पावसाने सगळी जमीन मऊ करून टाकलेली असते. ती पायाने तुडवून तुडवून दगडासारखी घट्ट आणि गुळगुळीत करायची, तर वर पांढरंशुभ्र मीठ बसणार. नाहीतर मिठात माती येते, आणि मातकट मीठ म्हणजे आगरवाल्यांची अब्रूच गेली. तुडवायचं काम थंडीत. बायका खांद्याला खांदा लावून आडव्या रांगेत उभ्या राहायच्या आणि एका तालात पाय आपटत वाफ्याच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत जायच्या, वळायच्या, परत यायच्या. ताल चुकला तर जमीन कुठे दबते, कुठे फुगते. म्हणून ताल धरायला एक म्होरकी लागते. ती म्हणजे माझी आय. ती गाण्याची ओळ टाकायची, बाकीच्या झेलायच्या. अंगाने बारीक, पण आवाज असा की पलीकडच्या आगरातल्या बायका तिच्या तालावर पाय टाकायच्या.

तुडवण्यात एक गोष्ट फार कडक पाळायची असते. वाफ्याच्या कडेचा बांध नवा, ओल्या मातीचा असतो. त्याच्याशी पोचल्यावर शेवटचं पाऊल दाबायचं नाही. नुसतं टेकवायचं, हलकेच, आणि वळायचं. दाबलं की बांध खचतो आणि खारं पाणी शेजारच्या वाफ्यात पळतं. त्या पावलाला तोंडसुद्धा बंद. गाण्याची ओळ बांधाच्या आधी संपली पाहिजे. "बांधावर गप्प," असं आय म्हणायची, आणि आम्ही पोरी चालायला लागल्यापासून ते ऐकत आलो होतो. आमच्याकडे वाफ्यांची नावं पावलांवरून असायची. अरुंद वाफा तो सहाचा, रुंद तो आठाचा. सहाच्या वाफ्यात पाच पावलं आपटायची आणि सहावं बांधाशी गप्प. आठाच्या वाफ्यात सात आपटायची, आठवं गप्प. हे नीट ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं रामायण इथेच झालं.

मी सातवीत होते. शाळा उरणात, चालत जायचं. शाळेतून आले की दप्तर खुंटीला आणि मी रांगेत. अभ्यासाला वेळच नाही. आणि आमच्या गद्रे बाई इंग्रजीचे रोज नवे शब्द पाठ करून मागायच्या. बाई कडक होत्या. पांढरं लुगडं, छत्री, आणि पट्टी न वापरता वर्ग गप्प करणारे डोळे. आता काय करायचं? मी रांगेत तुडवता तुडवता ओठातल्या ओठात शब्द पाठ करायला लागले. एका पावलाला एक अक्षर. डब्ल्यू, ए, टी, ई, आर, बांध, वळा. पुन्हा टी, आय, जी, ई, आर, बांध, वळा. पाच अक्षरी शब्द सहाच्या वाफ्यात काय चपखल बसायचा! सात अक्षरी आठाच्या वाफ्यात. न बसणारा शब्द मी सोडून द्यायची नाही, तो बसेल अशा वाफ्याची वाट बघायची.

आयने पहिल्या दिवशी पाठीत धपाटा घातला. "काय पुटपुटतेस गो? ताल चुकवतेस माजा!" मी सांगितलं, बाईंचे शब्द आहेत. ती म्हणाली, "मंग मोठ्यान् बोल. सगल्या ऐकू दे." मला वाटलं चेष्टा करतेय. पण मी मोठ्याने बोलले आणि रांग माझ्या अक्षरांवर चालायला लागली. झालं असं, की गाण्यात बायका रंगात आल्या की पाय भरभर पडायचे, मग दम लागला की ढिले. अक्षरांना रंग नाही, दम नाही. एक अक्षर, एक पाऊल. वाफा असा सारखा दबला की बापूस बघायला आला. त्या दिवसापासून अर्धा वेळ आयचं गाणं आणि अर्धा वेळ माझी अक्षरं असं ठरून गेलं. फक्त डब्ल्यूचा घोटाळा व्हायचा. डब्ल्यू लांबलचक, तो संपेपर्यंत नामीकाकीचा पाय हवेतच. नामीकाकी म्हणजे आमची शेजारीण, देहाने भरभक्कम आणि तोंडाने त्याहून. ती ओरडायची, "ये बाय, तो लांबरा सबूद नको घेव, माना तंगरी धरून ऱ्हावा लागतंय!" माना म्हणजे मला, आणि तंगरी म्हणजे तंगडी.

आणि मग शब्दांची हावच सुटली मला. बाईंचे पुरेनात. चहाच्या डब्यावरचे, काडेपेटीवरचे, गोणीवरचे, मोरा बंदरावर उतरणाऱ्या खोक्यांवरचे. जिथे इंग्रजी दिसेल तिथे मी उभी राहून पावलं मोजायची. अर्थ कळो न कळो, सहाच्या वाफ्यातला की आठाच्या, हे मला बघताक्षणी कळायचं. अर्थ मग बाईंना विचारायचा. बाई विचारायच्या, "हा शब्द तुला कुठे मिळाला?" मी सांगायची, "बिस्किटाच्या खोक्यावर." मग त्या अर्थ सांगायच्या. आज ओवी मला म्हणते की आता असले शब्द शोधून देणारी यंत्रं आहेत, अमुक अक्षरं टाका, अमुक लांबी टाका, शंभर शब्द हजर. असतील बापडी. वाफा तुडवून दाखव म्हणावं.

आमच्या शाळेत आठवीपासून इंग्रजीचे दोन वर्ग पडायचे, वरचं इंग्रजी आणि खालचं इंग्रजी. वरच्या इंग्रजीतली मुलं पुढे पनवेलला कॉलेजात जायची. खालच्या इंग्रजीतली मॅट्रिकपर्यंत रखडत जाऊन घरी यायची. आगरातली पोरं सरसकट खालच्या वर्गात. तसा कुणाचा हुकूम नव्हता, पण मीठ काढायच्या दिवसांत आम्ही शाळेत नसायचो, त्यामुळे आपोआप तसंच व्हायचं. आणि मला तर गद्रे बाईंच्या खुर्चीत बसायचं होतं. लहानपणापासून दुसरं काही मनात आलंच नाही. ती खुर्ची, तो फळा, आणि पुढे बसलेली पोरं माझ्याकडे बघतायत. वरचं इंग्रजी मिळालं नाही तर खुर्ची गेली, आणि मीही आयसारखी रांगेत. रांगेत वाईट काही नाही, पण मला खुर्ची हवी होती.

त्या वर्षी बाईंनी सांगितलं, ज्याला वरच्या इंग्रजीत यायचंय त्याने वर्गापुढे उभं राहून दाखवायचं. मी दोन अक्षरं देईन आणि शब्दाची लांबी देईन. ती दोन्ही अक्षरं असलेले, तेवढ्याच लांबीचे शब्द सांगायचे, न थांबता. हे ऐकलं आणि मी मनातल्या मनात नाचले! हे तर माझंच काम. माझा नंबर आला. बाईंनी फळ्यावर आर आणि टी लिहिलं आणि म्हणाल्या, "सहा अक्षरी." मी पाय हलवला. बाई म्हणाल्या, "पाय जुळवून, सरळ उभी राहा." मी पाय जुळवले, डोळे मिटले आणि मनात सहाच्या वाफ्यात उतरले. आणि शब्द असे आले! वॉटर, टायगर, ट्रेन, हार्ट, अर्थ, शॉर्ट, ट्रक. श्वास न घेता. डोळे उघडले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा वर्ग. बाई म्हणाल्या, "मोज." मी बोटांवर मोजलं. डब्ल्यू, ए, टी, ई, आर. पाच. टायगर पाच. ट्रेन पाच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाई रागावल्या नाहीत. "शब्द सगळे खरे आहेत," त्या म्हणाल्या, "पण मागितलं ते दे, जवळ आहे ते नको देऊस. बस खाली."

घरी येताना मी रडले नाही, पण संतापले होते. कुणावर तेही कळत नव्हतं. रांगेत उभी राहिले आणि तोंडच उघडलं नाही. आय गाणं थांबवून म्हणाली, "आज तुजा घसा बसला काय?" मी सांगितलं सगळं, तुटक तुटक. आयला सहा अक्षरी, पाच अक्षरी काही कळलं नाही. ती म्हणाली, "माना दाखव तू काय बोललीस ती." आम्ही सहाच्याच वाफ्यात होतो. मी पाय टाकत बोलले, डब्ल्यू, ए, टी, ई, आर, आणि बांधाशी पाऊल टेकवून वळले. आयने हात वर केला. रांग थांबली. "पावलं किती टाकलीस?" "सहा." "आन् बोललीस किती?" पाच! बांधावर गप्प राहिले होते मी, शाळेतसुद्धा! नामीकाकी एवढी हसली की तिला कंबर धरून उभं राहावं लागलं. "बांधानं खाल्ला गो तुजा सबूद!" सगळ्या बायका हसत होत्या, आणि मलाही हसू फुटलं. वर्गातलं हसणं लागलं होतं, हे लागलं नाही. पण आय हसत नव्हती. ती बांधाकडे बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर शाळेत आली. पायाला गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, लुगड्याचा काष्टा तसाच. वर्गाच्या दारात उभी राहिली. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू, आणि त्याच वेळी माझी आय आली म्हणून छातीही फुगली होती. बाई बाहेर आल्या. आय म्हणाली, "बाय, माजी पोरगी चुकली नाय. तुमी सहाचं मांगलंव, तिनं सहाच्या वाफ्यातलं दिलंन. शेवटचा पाय बांधावर गप्प असतंय आमचा."

"वाफा?" बाईंना काही उमगेना. "चांगुणाबाई, तुमचं म्हणणं मला कळलं नाही."

"बोलून कलायचा नाय. तुमी आगरावर येवा नं बघा."

"परीक्षा वर्गात होते, चांगुणाबाई."

आयने वर्गात डोकावून पाहिलं. "मंग वर्ग घेवून येवा," ती म्हणाली, "जागा मोप हाय आमचे."

बाई हसल्या. सबंध वर्षात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. वर्ग काही त्यांनी आणला नाही, पण रविवारी छत्री घेऊन त्या स्वतः चालत आल्या. लांबून पांढरं लुगडं दिसलं आणि रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणी पदर सावरला, कुणी चिखलाचा हात लुगड्याला पुसून आणखी चिखल करून घेतला. बाई बांधाशी आल्या तशी आय म्हणाली, "बाय, चपला तेवऱ्या काढा. वाफा तयार होतंय." बाईंनी मुकाट्याने चपला काढल्या, पदर खोचला आणि आगराच्या जुन्या, वाळलेल्या बांधावर अनवाणी उभ्या राहिल्या. सहाचा वाफा संपला होता, आम्ही आठाच्या वाफ्यात होतो, तसं मी बाईंना सांगितलं.

बाई म्हणाल्या, "आर आणि टी. मला आधी बघू दे तुझा बांध काय करतो ते. सात अक्षरी."

मी रांगेच्या टोकाला, आयच्या बाजूला. मी अक्षर टाकलं आणि सगळे पाय पडले. टी, ई, ए, सी, एच, ई, आर, बांध, वळा. बी, आर, ओ, टी, एच, ई, आर, बांध, वळा. पिक्चर. वेदर, आणि डब्ल्यूला नामीकाकीचा पाय हवेत! बाई बघत होत्या. मी टीचर म्हटलं तेव्हा त्यांची मान किंचित हलली ती मी बरोबर टिपली. मग त्या म्हणाल्या, "पण वर्गात मी सहा मागितली होती." आता मला भीती नव्हती. मी ओरडून बायकांना सांगितलं, शेवटची दोन पावलं गप्प, आणि म्हणत सुटले. सिस्टर, विंटर, मार्केट, स्ट्रीट. दोन पावलं गप्प, वळा. रांग एकदाही चुकली नाही. मला वाटलं झालं, मिळालं वरचं इंग्रजी. पण गद्रे बाई त्या. त्यांनी छत्री मिटली, बांधाच्या कडेला टेकवली आणि वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. पावलं मोजली त्यांनी, मला कळलं.

"आठ अक्षरी," त्या म्हणाल्या. "एकच पुरे. दिलास तर आठवीत तू माझ्या वर्गात."

आठाच्या वाफ्यात आठ अक्षरं. बांधासाठी जागाच नाही. मी उभी राहिले. शब्द सापडायला वेळ लागला नाही, शब्द होता. मी निघाले. टी, ओ, जी, ई, टी, एच, ई. सात पावलं, रांगेतल्या सगळ्यांची, एका आवाजात. आणि पुढे बांध. माझा पाय उचलला गेला आणि तिथेच थांबला. तोंड मिटलं. तुम्ही म्हणाल, पाय कशाला हवा, बोलून टाकायचं ना ते एक अक्षर! बोलता येत नव्हतं हो. जन्मापासून बांधावर गप्प राहिलेली मी, पाय पडल्याशिवाय अक्षर येईना आणि बांधावर पाय पडेना. सगळी रांग एका पायावर. मी आयकडे पाहिलं.

"टाक पाय," आय म्हणाली.

"आये, बांध खचंल."

"खचू दे. बांध माजा हाय. टाक."

मी टाकला. असा टाकला की घोट्यापर्यंत पाय बांधात गेला, खारं पाणी पिंडरीवर उडालं, आणि मी आयुष्यात ओरडले नव्हते एवढ्या मोठ्याने ओरडले, "आर!"

"टुगेदर," बाई म्हणाल्या. "बरोबर." आणि मग आयकडे वळून, "चांगुणाबाई, तुमची मुलगी वरच्या इंग्रजीत."

आयने ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "पन त्या सबदाचा माने काय?"

"सगळ्यांनी मिळून," बाई म्हणाल्या.

नामीकाकीने दोन्ही हात कंबरेवर ठेवले. "आता गो बाय! सकालपासना आमी ती काय करताव मंग? त्याला इंग्लीस कशाला पायजेल?" आणि असा हशा उसळला की उघाडीवरून बापूस धावत आला, काय झालं म्हणून. आलेल्या माणसाला रिकाम्या पोटी पाठवायची आमच्यात पद्धत नाही. बाईंना मासे चालत नव्हते. बायकांनी तिथल्या तिथे वालाच्या शेंगा आणि बटाटे मडक्यात घातले, भांबुर्ड्याचा पाला दाबला आणि मडकं उलटं करून भोवती काटक्या पेटवल्या. याला आम्ही पोपटी म्हणतो. ती भाजून होईपर्यंत बाई आयच्या शेजारी बसल्या होत्या, पाय चिखलात. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. शेंगा सोलून खाताना बाईंची बोटं भाजत होती आणि त्या कुणाला दाखवत नव्हत्या. जाताना मला म्हणाल्या, "वर्गात बाक तुडवायचे नाहीत, एवढं लक्षात ठेव." एवढंच कौतुक. मला ते अजून पुरतंय.

बापूस फावडं घेऊन बांध लिंपायला गेला तेव्हा आयने त्याला अडवलं. आतून माती लाव, पाणी थांबव, पण पाऊल बुजवू नको, म्हणाली. असला बांध तिने उभ्या जन्मात कुणाचा चालवून घेतला नसता. येणारी-जाणारी माणसं विचारायची, हा खड्डा कसला. आय म्हणायची, "माजे पोरीचा पाय हाय तो." कसला, काय, पुढे काही नाही. उन्हाळ्यात वाफे पांढरे झाले तसं त्या पावलातही मीठ धरलं. पाच बोटं, टाच, सगळं मिठाचं. आयने ते हाताने खरवडून पानात बांधलं आणि शाळा उघडल्यावर माझ्या हाती देऊन बाईंना पाठवलं. बाईंनी पुडी उघडली, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "माती नाही हो अजिबात." मी हे घरी येऊन आयला सांगितलं. त्या दिवशी ती रांग नसतानाही गात होती.

पुढे मी कॉलेजला गेले, शिकले आणि इंग्रजी शिकवलं. निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीत बसले. बसले कसली, उभीच असायची, आणि माझ्या वर्गातली पोरं शब्द पाय आपटून पाठ करायची. शेजारच्या वर्गातले मास्तर कातावायचे. आता आगर नाही. भराव पडला, तिथे कंटेनर उभे राहतात, आणि अशाच कुठल्याशा भरावावर आमची ही बिल्डिंग आहे. आय गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. आज सकाळी ओवीचा मेसेज आला, "आजी, आजचा अवघड आहे, तुला नाही येणार." शब्द सापडला तशी मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठले. सेक्रेटरीला शब्द दिला होता, म्हणून चार पावलं अगदी हलकी टाकली. पाचव्याला मात्र भिंतीशी पोचले, पाय उचलला, आणि क्षणभर तसाच धरला. मग टाकला, पूर्ण, टाचेसकट. खाली काय खचायचं ते खचू दे. बांध आयचा आहे.